किनाऱ्याचे राखणदार

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, अगदी समुद्राच्या काठावर नाटे नावाचे गाव आहे. राजापूरकडून येणारी खाडी येथे जैतापूरजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाकडे पाहत यशवंतगड हा जुना किल्ला उभा आहे. नाट्याला लागूनच साखरी नाटे ही मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. तेथील बहुतेक कुटुंबे मुसलमान आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत आली आहेत. किनाऱ्यापासून थोडे वर गेले की आंबा-काजूच्या बागा लागतात. बऱ्याच घरांतील कमावती माणसे मुंबईला किंवा आखाती देशांत असतात, त्यामुळे काही घरांना वर्षातले आठ-दहा महिने कुलूप असते.

अशा गावाची राखण कशी करायची? पूर्वी किल्ल्याच्या बुरुजावर पहारेकरी उभा असे. परकी गलबते दिसली की तो नगारा वाजवी किंवा जाळ पेटवी. खाली गावात कोतवाल हलगी वाजवून दवंडी देई. उर्दूत आपण जिला मुनादी म्हणतो, तीच ही दवंडी. बुरुजावरचा डोळा आणि गावातला आवाज या दोन गोष्टींवर सारी राखण चाले. आज बुरुज ढासळले आहेत. पण डोळा आणि आवाज यांची गरज संपलेली नाही. त्या आता यंत्रांकडून मिळतात आणि ही यंत्रे तयार करणाऱ्या, चालवणाऱ्या कंपन्या गावाच्या राखणीत भागीदार झाल्या आहेत. ही भागीदारी कशी चालते आणि ती कोठे कमी पडते, हे आपण या पाठात पाहू.

साखरी नाट्याच्या मच्छीमाराला चोरी म्हणजे काय असे विचारले, तर तो घरफोडीआधी समुद्राकडे बोट दाखवील. समुद्रातही चोरी होते. रात्रीच्या अंधारात काही नौका जनरेटरवर चालणारे अतिशय प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडतात. उजेडाकडे मासे झेपावतात. लहान, मोठे, अंडी धरलेले, कोवळी पिल्ले, सगळेच गोळा होतात. मग दुसरी नौका मोठे जाळे गोल फिरवून तो सारा थवा एका ओढीत उचलते. अशा नौकेला एका रात्रीत मिळते ते लहान होडीवाल्याला महिनाभरात मिळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लहान होडीवाला आपले जाळे टाकतो, तेव्हा ते रिकामे वर येते. डिझेलचे पैसेदेखील सुटत नाहीत.

ही नुसती तक्रार नाही, कायद्याने हा गुन्हा आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातील मासेमारीचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. त्यासाठी महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ साली झाला. गोल फिरवायच्या मोठ्या जाळ्यांवर, म्हणजे पर्ससीन जाळ्यांवर, राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने कडक बंधने घातली. कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासे पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली.

कायदा झाला, पण चोरी थांबली नाही. का थांबली नाही, ते समजायला फार विचार करावा लागत नाही. समुद्राला रस्ते नसतात, चौक नसतात. मत्स्यव्यवसाय खात्याची गस्ती नौका बंदरातून निघाली की तिचे दिवे दुरूनच दिसतात. ती पोहोचेपर्यंत इकडचे दिवे विझतात, जाळे आत ओढले जाते आणि नौका वेगाने दूर निघून जाते. मागे पुरावा म्हणून काहीच राहत नाही. लहान मच्छीमाराने स्वतः पाहिलेले असते, पण त्याचा शब्द एका बाजूला आणि मोठ्या नौकेच्या मालकाचा शब्द दुसऱ्या बाजूला. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे?

हा पेच सोडवायला ड्रोन आले. ड्रोन म्हणजे माणूस न बसता, दुरून चालवले जाणारे लहान विमान. ९ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत नऊ ठिकाणे निवडण्यात आली. रत्नागिरी जिल्ह्यात दोन ठिकाणे होती. एक रत्नागिरी शहराजवळचे मिरकरवाडा बंदर आणि दुसरे साखरी नाटे. ज्या गावाची ओळख आजवर बाहेरच्या जगाला फारशी नव्हती, त्याचे नाव असे आकाशातील पहाऱ्याच्या यादीत आले.

ड्रोनच्या पोटाशी कॅमेरा असतो. समुद्रावरून उडताना तो खालच्या नौकांचे चित्रण करतो आणि ते चित्रण त्याच वेळी किनाऱ्यावरील पडद्यावर दिसते. नौका कोठे आहे, केव्हा आहे, तिच्यावर कोणते जाळे आहे, दिवे लावले आहेत का, तिचा नोंदणी क्रमांक काय, या साऱ्याची नोंद होते. ही नोंद पुढे कारवाईत पुरावा म्हणून मांडता येते. ड्रोन आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसे यांसाठी सरकारी खात्याला खासगी कंपन्यांचे साहाय्य घ्यावे लागते, कारण हे कसब खात्याकडे पूर्वी नव्हतेच. कंपनी डोळा पुरवते. कारवाई मात्र कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायची असते. कंपनीचा माणूस कोणालाही दंड करू शकत नाही किंवा कोणाची नौका अडवू शकत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवला पाहिजे.

ड्रोनला मर्यादाही आहेत. तो विजेऱ्यांवर उडतो. विजेरी संपत आली की त्याला परतावेच लागते. जोराचा वारा आणि पाऊस त्याला सोसत नाही. समुद्र एवढा अफाट की नऊ ड्रोन म्हणजे नऊ चिमण्याच. कोठे पाहायचे हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो रिकाम्या पाण्याचे सुंदर चित्रण घेऊन येईल. ते सांगू शकतो तो लहान होडीवरचा मच्छीमारच. रात्री कोणत्या दिशेला उजेड दिसला, कोणत्या महिन्यात कोणता मासा कोठे जमतो आणि म्हणून चोरही कोठे येईल, हे त्याला पाठ असते. यंत्राचा डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी त्याची मान वळवणारा हात गावातला असावा लागतो.

हीच गोष्ट समुद्रमार्गे येणाऱ्या मोठ्या संकटालाही लागू पडते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो भयंकर हल्ला झाला, तो करणारे दहाजण समुद्रातून आले होते. त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' नावाची मासेमारी नौका वाटेत बळकावली होती. मुंबईजवळ आल्यावर ते हवेच्या लहान बोटीतून कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना प्रथम पाहिले ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. ही माणसे आपल्यातली नाहीत, हे त्या साध्या माणसांच्या लगेच ध्यानात आले आणि त्यांनी विचारपूसही केली. पण पाहिलेली गोष्ट कोणाला, कशी आणि किती लवकर कळवायची, याची पक्की व्यवस्था तेव्हा नव्हती.

ती व्यवस्था उभारण्याचे काम त्यानंतर नेटाने सुरू झाले. किनाऱ्यावरील पोलिसांसाठी १०९३ आणि भारतीय तटरक्षक दलासाठी १५५४ हे दूरध्वनी क्रमांक मच्छीमारांना सांगण्यात आले. कोकणच्या किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आहेत, नाटे येथेही आहे. मच्छीमारांना छायाचित्र आणि बोटांचे ठसे असलेली ओळखपत्रे देण्याची योजना निघाली. ती तयार करण्याचे काम बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीच्या पुढाकाराखाली झाले. १९५४ साली स्थापन झालेली ही कंपनी मुख्यतः सैन्यासाठी रडार आणि बिनतारी यंत्रे बनवते. किनाऱ्यावरील टेहळणीच्या रडारांचे जाळेही तिनेच उभारले. सैन्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने साध्या मच्छीमाराचे ओळखपत्र बनवावे, हे थोडे नवलाचे वाटते. पण समुद्रात भेटलेली अनोळखी नौका आपली की परकी, हे ठरवायला तो छोटासा पत्रा रडारइतकाच उपयोगी आहे.

आता आणखी एक साधन आले आहे. मोबाइल दूरध्वनी किनाऱ्यापासून काही मैलांपर्यंतच चालतो, पुढे तो मुका होतो. म्हणून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र विकसित केले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ही यंत्रे बसवण्याचे ठरले. नौका बुडू लागली, कोणी आजारी पडले किंवा काही संशयास्पद दिसले, तर भर समुद्रातून तसे कळवता येते आणि किनाऱ्याकडून वादळाची सूचनाही मिळते.

या सगळ्या यंत्रांच्या बरोबरीने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सागर सुरक्षा दले काम करतात. यात गावातलेच तरुण आणि मच्छीमार असतात. ते पोलीस नव्हेत. त्यांच्या हाती शस्त्र नसते. डोळे उघडे ठेवणे आणि पाहिलेले कळवणे एवढेच त्यांचे काम. त्यांची परीक्षाही घेतली जाते. 'सागर कवच' नावाच्या सरावात सुरक्षा दलांचीच काही माणसे घुसखोर बनून होडीतून किनाऱ्याकडे येतात आणि बाकीच्यांनी त्यांना हुडकून काढायचे असते. अशा वेळी किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याला जे दिसते, ते कित्येकदा मोठ्या यंत्रालाही दिसत नाही.

आता समुद्राकडे पाठ करून गावात येऊ. येथे अडचण वेगळी आहे. समजा, नाटे गावात मध्यरात्री एखाद्या बंद घराचे कुलूप तोडल्याचा आवाज आला. शेजारच्या घरात एक वृद्ध बाई आणि तिची नात एवढीच माणसे आहेत. त्यांनी काय करावे? ११२ हा क्रमांक फिरवावा, हे पहिले. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या मदतीसाठी हा एकच क्रमांक आहे. पण कोकणातून केलेला हा दूरध्वनी आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती केंद्रात पोहोचतो. तेथून तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो आणि मग सर्वांत जवळच्या पोलीस गाडीला निरोप मिळतो. हे सारे संगणकामुळे झटपट होते. तरी गाडीला वळणावळणाच्या घाटातून, वाडीवाडीतून वाट काढत यायचे असते. तेवढ्या वेळात चोर आपले काम उरकतो.

त्या मधल्या वेळात उपयोगी पडतो तो शेजार. पण वाडीतली घरे लांब लांब, मध्ये आमराई. हाक पोहोचत नाही. या अडचणीवर 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' नावाची व्यवस्था महाराष्ट्रात तयार झाली. तिचे संचालक डी. के. गोर्डे हे आहेत. नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात पोलिसांनी ती गावोगावी पोहोचवली. आपल्या नाट्यासारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या गावाला तिचा कसा उपयोग होऊ शकतो, हे समजण्यासाठी तिची रीत पाहू.

प्रथम गावातील कुटुंबांचे मोबाइल क्रमांक गावाच्या नावाने नोंदवून घेतात. संकट आले की गावकऱ्याने एक ठरलेला निःशुल्क क्रमांक फिरवायचा आणि स्वतःच्या आवाजात निरोप सांगायचा. आपण कोण, कोणत्या गावातून बोलतो, काय घडले, कोठे घडले. यंत्र तो आवाज साठवते आणि लगेच गावातल्या सगळ्या नोंदलेल्या क्रमांकांवर एकाच वेळी दूरध्वनी करते. फोन उचलला की ऐकू येतो तो शेजाऱ्याचाच आवाज. ज्याचा फोन लागला नाही, त्याला यंत्र पुन्हा फोन करते. घटना चोरीसारखी असेल तर आजूबाजूच्या गावांनाही निरोप जातो, म्हणजे पळणाऱ्याला पुढच्या गावात वाट मोकळी मिळत नाही. यासाठी महागडा मोबाइल लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो. वाचता न येणाऱ्यालाही निरोप समजतो. चोरीबरोबरच आग, पूर, बिबट्याचा वावर, हरवलेले मूल, अपघात, अशा कितीतरी प्रसंगी तिचा उपयोग केला जातो.

पाहिले तर ही जुनी दवंडीच आहे. फक्त हलगीचा आवाज जेथे थांबत असे, तेथे हा थांबत नाही. आमच्या वस्त्यांत मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून मयताची किंवा हरवलेल्या मुलाची खबर दिली जाते, तिच्याशीही हिचे नाते आहे. मात्र एका बाबतीत ही व्यवस्था दवंडीसारखी काटेकोर आहे. दवंडी देणाऱ्याला सारा गाव ओळखत असे. येथेही बोलणाऱ्याच्या क्रमांकाची नोंद राहते. खोडसाळपणे खोटा निरोप दिला, तर तो कोणी दिला हे शोधून काढता येते. ही गोष्ट लहान वाटेल. पण ती नसली तर काय होते, हे महाराष्ट्राने २०१८ साली पाहिले.

अफवा हा शब्द तुमच्या चांगला ओळखीचा आहे. मराठीने तो अरबी-फारसीकडून घेतला. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. अफवेला पुष्कळ तोंडे असतात, म्हणूनच तिचा चेहरा कोणाला दिसत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून भारताच्या अनेक भागांत पसरली. निरोप कोणी लिहिला हे कोणालाच माहीत नव्हते. ज्याच्याकडून आला तो ओळखीचा, म्हणून लोक खरा मानत. आणि पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटे की आपण शेजाऱ्यांना सावध करतो आहोत. म्हणजे हेतू राखणीचाच होता.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. तेथे पाच माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्या समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. त्यांच्यापैकी बहुतेक जण दूरच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. बाजारात कोणाला तरी संशय आला. ही तीच टोळी, असे एकाने दुसऱ्याला सांगितले. पाहता पाहता जमाव जमला. त्या पाचजणांनी आपण कोण हे सांगण्याचा प्रयत्न केला, पण ऐकायला कोणी तयार नव्हते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावाने इतके मारले की पाचहीजण मेले. कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते. पाच घरांतील कर्ती माणसे मात्र कायमची गेली. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने या खटल्यात सातजणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. म्हणजे आणखी सात घरे उघडी पडली.

या घटनेनंतर व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीवर मोठी टीका झाली. निरोप पोहोचवणारी कंपनी निरोपातील मजकुराला जबाबदार नसते, असे म्हणून तिला हात झटकता येईना. त्याच महिन्यात तिने भारतातील वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा कशी ओळखावी हे सांगितले. दुसऱ्याकडून आलेला निरोप पुढे पाठवला की त्यावर तशी खूण दिसू लागली. एक निरोप एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, असे बंधन भारतात घालण्यात आले. २०१९ मध्ये ते जगभर लागू झाले. २०२० मध्ये, जो निरोप फार वेळा फिरला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी आणखी आवळणी झाली. यंत्रात केलेला हा छोटा बदल आहे. त्याने अफवा मेली नाही, पण तिचे पाय जड झाले. कंपनीने गावाच्या सुरक्षिततेला केलेली मदत नेहमी नवे यंत्र देऊनच होते असे नाही. कधी कधी आपल्याच यंत्राचा वेग कमी करणे, हीदेखील मदत असते.

दोन्ही व्यवस्थांत फरक काय, ते पाहा. एकीत बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि आवाज समोर असतो. दुसरीत नुसता मजकूर फिरतो. पण हा फरकही पुरेसा नाही. खऱ्या नावाने दिलेला खरा निरोप ऐकूनही जमाव चुकीचे वागू शकतो. चोर समजून पकडलेला माणूस चोर नसेल तर? आणि असला तरी त्याला मारण्याचा अधिकार कोणी दिला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, कोणी आपल्या डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर सामान्य नागरिक त्याला पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडणे एवढेच नागरिकाचे काम. चौकशी पोलिसांची, शिक्षा न्यायालयाची. गावात पोलीस पाटील असतो तो याचसाठी. वंशपरंपरेने चालत आलेली पाटिलकी संपवून १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाची नेमणूक आणि कामे ठरवून दिली. गावातील गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे हे त्याचे कर्तव्य आहे. म्हणून यंत्रावर निरोप ऐकला की पहिला प्रश्न असा हवा की, पोलीस पाटलाला कळले का?

खबर देण्यासाठी मात्र विश्वास लागतो आणि तो कोणत्याही कंपनीच्या कारखान्यात तयार होत नाही. नाटे गावाला हे वेगळे सांगायला नको. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी येथे पोलीस आणि लोक समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार मरण पावला. प्रकल्प हवा की नको, हा येथे आपला विषय नाही. पण ज्या ठाण्याशी गावाचे असे दुःख जोडलेले आहे, त्याच ठाण्याला रात्री-अपरात्री फोन करून खबर द्यायची, तर दोन्ही बाजूंना एकमेकांच्या दिशेने काही पावले चालावी लागतात. नव्या यंत्रांविषयी गावाने प्रश्न विचारले, तर तेही गैर नाही. ड्रोनचा कॅमेरा समुद्राकडे जाताना आमच्या अंगणावरून जातो का? आमचे मोबाइल क्रमांक कोणाकडे राहतात? चित्रण किती दिवस ठेवतात? असे प्रश्न विचारणारा माणूस गुन्हेगारांचा मित्र ठरत नाही. ज्याला उत्तर मिळते तोच पुढे मनापासून मदत करतो.

असा विश्वास कमावता येतो, याचे एक उदाहरण ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे आहे. हातमाग आणि यंत्रमागांच्या या शहरात १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ नंतर तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शहरभर सुमारे सत्तर समित्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस. ती नियमाने एकत्र बसत. गटाराचा तंटा, नळाचे भांडण, पोरांची मारामारी अशा लहानसहान बाबी तेथे मिटत. त्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईसह देशात अनेक ठिकाणी दंगली पेटल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या काळी मोबाइल नव्हता, ड्रोन नव्हता. अफवा आली की समितीचा माणूस दुसऱ्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या माणसाकडे जाऊन खरे काय ते विचारून येई. माझ्या मते ग्राम सुरक्षेच्या कोणत्याही यंत्राच्या आधी गावाने असे बसायला शिकावे. कारण यंत्र निरोप पोहोचवते, पण निरोप देणाऱ्याला ओळखणारे कोणी असले तरच त्याला वजन येते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. निरोप कसा द्यावा, याचा सराव वर्गातसुद्धा करता येतो. समजा, साखरी नाट्याच्या जेटीवर रात्री एक अनोळखी होडी लागली आहे. घाबरलेला माणूस सांगेल, "पळा, पळा, घुसखोर आले, सगळ्यांना कळवा." यात स्थळ नाही, वेळ नाही आणि पाहिलेले काही नाही, फक्त भीती आहे. हाच निरोप असा देता येतो : "मी साखरी नाट्याहून बोलतो आहे. माझे नाव अमुक. आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. जेटीच्या उत्तरेला एक निळी होडी लागली आहे. तिच्यावर क्रमांक दिसत नाही. चार माणसे आहेत, ती आपल्या गावची नाहीत. मी १०९३ वर कळवले आहे. कोणी एकट्याने जवळ जाऊ नये, कोणी हात उगारू नये. पोलीस येईपर्यंत दुरून लक्ष ठेवावे." कदाचित ती चार माणसे इंजिन बिघडल्यामुळे किनाऱ्याला लागलेले देवगडचे मच्छीमार असतील. तसे असेल तर पोलीस त्यांची ओळखपत्रे पाहतील आणि सकाळपर्यंत कोणीतरी त्यांना चहा नेऊन देईल.